'शाळाबाह्य' या रकान्यात माझ्या मुलाचं नाव लिहिलंत, म्हणून हे पत्र

प्रति,
शालेय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि सर्व्हेचे फॉर्म घेऊन दारोदार फिरणारे सगळे गुरुजी आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेसाठी दोन मॅडम आमच्या दारात आल्या. बाहेर धो धो पाऊस, फाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, साड्या गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. मी आत बोलावलं, टॉवेल दिला, चहा टाकला. घरात ६ ते १४ वयाची मुलं किती? दोन. मुलीची शाळा कुठली ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. मुलाची शाळा? म्हटलं तो घरी शिकतो. मॅडमचं पेन थांबलं. आजारी आहे का? नाही. कामाला वगैरे जातो का? नाही हो. मग दाखला कुठं आहे, नाव कुठल्या शाळेत आहे? म्हटलं दाखला घरीच आहे, दुसरीत असताना काढला, तेव्हापासून मीच शिकवते. दुसऱ्या मॅडमनी फॉर्म उलटापालटा करून बघितला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "ताई, याच्यासाठी इथं रकानाच नाही हो." मग दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि नाईलाजानं 'शाळाबाह्य' लिहिलं, कारण 'इतर'.

पोरगं तिथंच चटईवर बसून ग्राफ पेपरवर ठिपके देत होतं. त्या गेल्यावर विचारलं, "आई, शाळाबाह्य म्हणजे काय?" मी सांगितलं. तर म्हणाला, "म्हणजे मी शिकत नाही असं लिहिलं त्यांनी?"

त्या दोन मॅडमबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगते. एक तर शाळा सांभाळायची, त्यात निवडणुकीच्या याद्या, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरायची, आणि वर पावसात सर्व्हे. त्यांनी त्यांच्यापुढं जो कागद होता तो भरला. मला बोलायचंय ते तो कागद ज्यांनी बनवला त्यांच्याशी, आणि नुसतं रकान्याबद्दल नाही तर मुळात एखादी आई असा निर्णय का घेते ते शांतपणे सांगायचंय, कारण गेल्या दोन-अडीच वर्षांत मला हे कुणी नीट विचारलेलंच नाही. बहुतेकांना उत्तर आधीच माहीत असतं, की फी परवडत नसेल, किंवा मुलात काही प्रॉब्लेम असेल, किंवा आई फारच शहाणी असेल.

आम्ही कोल्हापूरचे. मिस्टरांचं उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. मी बीकॉम, लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं शिरोली एमआयडीसीत अकाउंट्स बघत होते, आता घरून तीन-चार दुकानांचं जीएसटीचं काम करते. म्हणजे बंगला-गाडीवाले नाही, आणि घरात बसून इंग्लिश बोलणारेही नाही. मुलगा चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या शाळेत होता. नाव सांगणार नाही, त्यात एकट्या त्या शाळेचा दोष आहे असं मला वाटतही नाही.

सुरुवात शर्टाच्या कॉलरपासून झाली. २०२३ च्या गणपतीच्या सुमारास मी त्याचे युनिफॉर्मचे शर्ट इस्त्रीला घेतले आणि लक्षात आलं की तिन्ही शर्टांची डावी कॉलर टोकाला चघळून चघळून विरलीये, धागे बाहेर आलेत, एका शर्टाला तर भोकच पडलेलं. उजवी कॉलर तिन्हींची कोरी करकरीत. मी त्याला विचारलं तर खांदे उडवले. मग रात्री झोपताना हळूहळू सांगितलं की फळ्यावरचं उतरवून होत नाही, मॅडम पुसून टाकतात, मग मधल्या सुट्टीत बसून दुसऱ्याच्या वहीतलं उतरवायला लागतं, रोज. डाव्या हातानं तो कॉलर तोंडाशी धरायचा आणि उजव्या हातानं लिहायचा. सात वर्षांचं पोर, जून ते सप्टेंबर बहुतेक रोज त्याला मधली सुट्टी मिळालेली नव्हती आणि त्यानं घरी सांगितलंही नव्हतं, कारण त्याला वाटत होतं की हे असंच असतं.

मी शाळेत जाऊन बोलले. मॅडम चांगल्या होत्या, पण वर्गात साठाच्या आसपास मुलं. त्या म्हणाल्या, "वह्या पूर्ण नसतील तर पालकच तक्रार करतात हो, मी काय करू?" आणि खरं सांगते, त्यांचं काही चुकत नव्हतं, मागच्या वर्षी मोठीच्या वहीत दोन पानं कोरी दिसली तेव्हा मी स्वतःच तक्रार केलेली होती.

घरी येऊन मी हिशेब मांडला, अकाउंटवालीला दुसरं काय सुचणार. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास लिहिलेत, म्हणजे दिवसाला चार तास, २४० मिनिटं. साठ मुलांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला मॅडमची चार मिनिटं येतात, तीही हजेरी, गप्प बसवणं, वह्या तपासणं सगळं धरून. कायद्यात तर प्राथमिकला ३० मुलांमागं एक शिक्षक आहे, ते पाळलं तरी आठ मिनिटं. मग बाकीचा वेळ तो काय करतो? उतरवतो, नाहीतर उतरवून होण्याची वाट बघतो. घरी आल्यावर परत गृहपाठ म्हणून तेच, आणि वर सगळे सांगत होते क्लास लावा. दुसरीच्या मुलाला क्लास! मला वाटलं, सकाळचा दीड तास जरी मी याच्याशेजारी नीट बसले तरी याला नव्वद मिनिटं मिळतात. ही एवढी साधी गोष्ट होती. माझ्यामागं कुठलं मोठं तत्त्वज्ञान नव्हतं, होमस्कुलिंग हा शब्दसुद्धा मी नंतर ऐकला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याला पाठवलं नाही. मोठी तेव्हा सहावीत होती, ती म्हणाली मला पण घरी शिकायचंय, तिच्याशी आठ दिवस वाद घातला आणि शेवटी दोघांचेही दाखले काढले. घरात जे व्हायचं ते झालं, सासूबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या, माहेरून फोनवर फोन. आता हे लिहिताना सोपं वाटतंय, पण त्या महिन्यात मी रात्री किती वेळा उठून बसले असेन त्याला गणती नाही.

आणि पहिले तीन-चार महिने काहीच झालं नाही. म्हणजे खरंच काही नाही. मी शाळेसारखं टाइमटेबल करून भिंतीला लावलेलं, ९ ते ९.४० मराठी, मग गणित, आणि पोरगं वही बघितली की पोट दुखतंय म्हणायचं. मी ओरडले, एकदा हात पण उचलला, ते लपवणार नाही. मग टाइमटेबल काढून टाकलं. तो दिवसभर बापाबरोबर वर्कशॉपला जायचा, लेथखाली पडलेल्या लोखंडाच्या चिप्स गोळा करायचा, बसून बघायचा. आठवं लागलं तरी वाचता येत नव्हतं, जोडाक्षर आलं की अडायचा आणि पुस्तक मिटायचा.

वाचायला तो २०२४ च्या जुलैमधे शिकला आणि ते मी शिकवलं नाही, आमच्या पंचगंगा नदीनं शिकवलं. कोल्हापुरात पावसाळ्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर रोज मेसेज फिरतो, राजाराम बंधारा पाणी पातळी इतके फूट इतके इंच, इतके बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचे इतके दरवाजे उघडले. आमच्याकडं २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलेलं, तेव्हा तो तीन वर्षांचा होता, घरातलं सामान माळ्यावर चढवताना त्यानं बघितलेलं आहे, त्यामुळं हा मेसेज आला की सगळ्यात आधी त्याला ऐकायचा असतो. त्या वर्षी मी कामात होते, म्हटलं थांब जरा, नंतर वाचून दाखवते. त्यानं वाट बघितली नाही. मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसला, रा-जा-रा-म, बं-धा-रा, आणि मग ओरडत आला, "आई, इशारा पातळी म्हणजे ३९ आणि धोका पातळी म्हणजे ४३!" 'पाण्याखाली'तला ण्या आणि 'इशारा'तला शा कुणी गिरवून घेतलेला नव्हता. त्याला ते वाचायचंच होतं.

मग त्यानं ग्राफ काढायचं ठरवलं. ३९ ला पिवळी रेघ, ४३ ला लाल. रोज सकाळ-संध्याकाळ ठिपका. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं तक्रार घेऊन आला की मेसेज खोटा आहे, पाणी वाढलं म्हणतात पण माझी रेघ खाली गेली. बघितलं तर ३९ फूट २ इंच त्यानं ३९.२ ला मांडलेलं आणि ३९ फूट ११ इंच ३९.११ ला, मग रेघ खालीच जाणार की. मी सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. मोठी मुलगी बाजूला होती, तिनं फुटपट्टी आणून दिली फक्त. त्यानं ती किती वेळ बघितली, इंच मोजले, बारा भरले, आणि मग सगळे ठिपके खोडून पुन्हा मांडले. त्याला दोन दिवस लागले. शाळेत दशांश अपूर्णांक अजून दोन वर्षांनी होते त्याला, आणि बाराच्या पटीत मोजणं आणि दहाच्या पटीत मोजणं यातला फरक मला स्वतःला कॉलेजात गेल्यावर सुद्धा कुणी असा विचारायला लावलेला नव्हता.

पुढं तो सुटलाच. राधानगरीचे चार दरवाजे उघडले, ५७१२ क्युसेक, असा मेसेज आला, मग एका दरवाज्यातून किती? भागाकार येत नव्हता, वजा करत करत गेला, १४२८. सात दरवाजे आहेत, सगळे उघडले तर? ९९९६. बाबांनी सांगितलं की एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, मग आमच्या टेरेसवरच्या हजार लिटरच्या टाकीशी तुलना केली, एका दरवाज्यातून एका सेकंदाला चाळीस टाक्या. तो त्या रात्री जेवताना मधेच थांबून म्हणत होता, "चाळीस. एका सेकंदाला चाळीस." महिनाअखेर पाणी लाल रेघेच्या वर गेलं तेव्हा गल्लीतली मोठी माणसं त्याला विचारायला लागली, काय रे, किती झालं?

हे मी एवढं लांबवून सांगितलं कारण तुमच्या कागदावर हे कुठंच मावत नाही. हा प्रकार रोज घडत नाही हेही सांगते, वर्षातले बरेच दिवस आम्ही बालभारतीची पुस्तकं घेऊन साधा अभ्यासच करतो, ई-बालभारतीवर ती फुकट मिळतात त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. सकाळी साडेनऊ ते अकरा अभ्यास, मग माझं काम, दुपारी तो वर्कशॉपला. तिथं व्हर्नियर कॅलिपरनं जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, मोजायला शिकलाय, ०.०२ मिलिमीटरपर्यंत, बाबांचं माप आणि त्याचं माप जुळलं नाही तर परत मोजतात दोघं. संध्याकाळी तालमीच्या पटांगणात फुटबॉल, कोल्हापुरात मुलाला मित्र कसे मिळणार हा प्रश्न मला कुणी विचारला की मी त्यांना संध्याकाळी सहाला आमच्या पेठेत या एवढंच सांगते. त्याच्या दोस्तांत सात वर्षांचं पण आहे आणि सोळा वर्षांचं पण आहे.

आणि मुलगी? तिचं वेगळं झालं, तेही सांगायला हवं. तिनं पहिलं वर्ष मजेत काढलं, दुसऱ्या वर्षी तिला मैत्रिणींची, स्नेहसंमेलनाची, खो-खोच्या टीमची आठवण यायला लागली. २०२५ च्या जूनमधे ती आठवीत परत शाळेत गेली. कायद्याच्या कलम ४ मधे आहे की शाळेबाहेर राहिलेलं मूल त्याच्या वयाला योग्य अशा वर्गात घ्यायचं आणि लागलं तर त्याला जादा शिकवायचं. दोन ठिकाणी 'मधली दोन वर्षं कुठं होती' म्हणून परत पाठवलं, तिसरीकडच्या मुख्याध्यापक बाईंनी तिला समोर बसवलं, एक उतारा वाचायला दिला, दोन गणितं घातली आणि म्हणाल्या उद्यापासून ये. आता ती तिथं खूश आहे. म्हणजे माझ्या घरातून एक मूल शाळेत जातं आणि एक जात नाही, आणि मला दोन्ही बरोबर वाटतं. मी शाळेच्या विरोधात नाही हो. शाळा वाईट आहे असं माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

विरोधात असूच शकत नाही, आमच्या गावात तर नाहीच. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं सक्तीचं शिक्षण मागितलं आणि शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. त्या काळात रुपया म्हणजे काय! माझ्या आजेसासूबाई संस्थानाबाहेरच्या एका खेड्यातल्या, त्यांना अक्षरओळख नव्हती, शेवटपर्यंत पेन्शनच्या कागदावर अंगठा द्यायच्या आणि दरवेळी शाई पुसताना म्हणायच्या, "मला कुणी बडवून घातलं असतं साळंत तर बरं झालं असतं." मी पोराचा दाखला काढायला गेले तेव्हा माझ्या डोक्यात हे वाक्य होतं. त्या असत्या तर त्यांना मी काय सांगितलं असतं हा विचार मी खूप केला. मला वाटतं त्यांना मी पोराला वाचायला बसवलं असतं, तो मेसेज, राजाराम बंधारा पाणी पातळी, आणि मग जे काय म्हणायचं ते त्यांनी म्हटलं असतं.

त्यामुळं कायदा सक्तीचा का आहे ते मला समजतं, आणि तो सक्तीचाच राहू दे. हे मी मुद्दाम लिहितेय. नोव्हेंबर ते मार्च आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या रस्त्याला पाचटाच्या खोप्या पडतात, आठ-नऊ वर्षांच्या मुली कडेवर भावंड घेऊन फडात उभ्या असतात. वीटभट्टीवर तेच. त्यांच्यासाठी साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, तरी ती मुलं निसटतात. शाळाबाह्य हा शब्द त्यांच्यासाठी आहे. त्या मुलीला शोधून काढायला त्या दोन मॅडमनी भर पावसात फिरावं यात अर्थ आहे, आणि माझ्या मुलाचं नाव तिच्याच रकान्यात लिहून तुम्ही तिचा आकडाही गढूळ करता आणि त्याचाही. उद्या कुणी बाप पोरीला चूल सांभाळायला घरी बसवेल आणि विचारलं की म्हणेल आमचं होमस्कुलिंग आहे, ही भीती मला तुमच्यापेक्षा कमी वाटत नाही. म्हणूनच तर म्हणते की आमची वेगळी नोंद करा आणि आम्हाला तपासा.

आता कायद्याचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १० मी वाचलंय, पालकानं मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे त्याचं कर्तव्य आहे असं त्यात आहे, त्याकडं मी डोळेझाक करत नाही. त्याच कायद्यात पालकाला दंड-शिक्षा कुठंच ठेवलेली नाही हेही खरं. आणि ज्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं २००२ साली हा हक्क आला, तिनंच मूलभूत कर्तव्यांत अकरावं कर्तव्य घातलं, की आईबापानं ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षणाच्या संधी द्याव्यात. तिथं शब्द शिक्षणाच्या संधी असा आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आमच्यासारखी घरं देशभर राहतायत, गुन्हेगार नाही आणि मान्य पण नाही. 'स्वशिक्षण' नावाची अशा पालकांची देशपातळीवर संघटना आहे, म्हणजे आम्ही अगदी एकटेही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात औपचारिक आणि अनौपचारिक अशा अनेक वाटांनी शिकू द्यावं असं लिहिलंय. केंद्राची मुक्त शाळा, एनआयओएस, १९८९ पासून आहे, तिथं १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं, खाली तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे टप्पे पण आहेत. आपल्या राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसायची वाट तर आपल्या आजोबांच्या काळापासून माहीत आहे सगळ्यांना. मग परीक्षेला बसताना ज्याला तुम्ही विद्यार्थी मानता, तो त्याच्या आधीची पाच-सहा वर्षं तुमच्या कागदावर कोण असतो?

मला लोक त्या मुंबईच्या मुलीची बातमी अजून पाठवत असतात, जी शाळा सोडून घरीच शिकून ऑलिम्पियाडच्या मेडल्सवर २०१६ साली अमेरिकेत एमआयटीला गेली आणि बारावी नाही म्हणून आयआयटीत जाऊ शकली नाही. अभिमान वाटतो तिचा. पण मी काही पोराला एमआयटीसाठी घरी ठेवलेलं नाही. तो उद्या बापाचं वर्कशॉप चालवेल, नाहीतर पाटबंधाऱ्यात नोकरी करेल, नाहीतर दहाव्या वर्षी येऊन म्हणेल मला शाळेत घाल, आणि मी दुसऱ्या दिवशी घालेन.

काय जमत नाही तेही लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. त्याचं अक्षर वाईट आहे. इंग्रजी वाचन त्याच्या वयाच्या मानानं मागं आहे, हिंदी तर नावालाच. मला विज्ञानातलं सगळं येत नाही आणि विचारायला हक्काचं माणूस नाही. महिन्यातून चार-पाच दिवस जीएसटीच्या तारखा आल्या की अभ्यास पूर्ण बोंबलतो. माझ्या पगाराची नोकरी सुटली ती सुटलीच, घरात दोघांपैकी एकाला वेळ असल्याशिवाय हे होत नाही आणि बहुतेक घरांत तो कुणालाच नसतो, म्हणून मी दुसऱ्या कुठल्या आईला तू पण असं कर असं कधी सांगत नाही.

तुमच्याकडं मागणं मोठं नाही. सर्व्हेच्या फॉर्ममधे 'घरी शिकतो' असा एक रकाना करा. वर्षातून एकदा केंद्रशाळेतल्या कुणा शिक्षकांना आमच्याकडं पाठवा, किंवा आम्हाला तिकडं बोलवा, मुलाला वाचायला लावा, गणितं घाला, त्याच्याशी दहा मिनिटं बोला, आणि मूल शिकत नाहीये असं दिसलं तर आम्हाला लेखी सांगा, आम्ही ऐकू. मुलगी असेल तर तिच्याशी आईबाप समोर नसताना बोला. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा आता परत सुरू झालीच आहे, आमच्या मुलांना जवळच्या शाळेत बसून ती देता येईल एवढी सोय करा. आणि शाळेतली लायब्ररी, प्रयोगशाळा, मैदान आठवड्यातून एक दिवस अशा मुलांना वापरू द्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढल्या, मुलं जिथं गुरं चारत होती तिथं त्या शाळा घेऊन गेल्या. तेवढं मोठं काम मी मागत नाहीये, आम्ही येऊ चालत, दार तेवढं उघडं ठेवा.

त्या दोन मॅडम हे वाचत असतील तर, तुमची छत्री आमच्याकडं राहिलीये, काळी, दांडा निळा. जूनमधे परत सर्व्हे असेल तर सकाळी साडेनऊ ते अकराच्या मधे या. रविवार सोडून रोज असतो आम्ही. भिंतीवर यंदाचा नवीन कागद लावून ठेवलाय त्यानं, पिवळी आणि लाल रेघ मारून झालीये, ठिपके अजून नाहीत.

आपली नम्र,
एक आई, कोल्हापूर